आधी जाऊन आलेला माणूस

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३मध्ये विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. त्या निकालाचं स्वागत करणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. आता तिथे फक्त गुणवत्ता चालेल आणि आपल्या मुलांचा फायदा होईल, असा त्याचा सूर होता. मी गेली अठरा वर्षं मेरिलँडमध्ये राहते. त्यातली सहा वर्षं दर शनिवारी बाल्टिमोरमधल्या एका चर्चच्या तळघरात बारावीच्या मुलांना कॉलेजचे अर्ज भरायला मदत करते. मुलं बहुतेक कृष्णवर्णीय, घरातून कॉलेजला जाणारी पहिलीच. तिथे बसून जे दिसतं ते त्या लेखात कुठेच नव्हतं, म्हणून हे पत्र.

मागे एक मुलगा आला होता. गणितात वर्गात पहिला. एप्रिलमध्ये प्रवेश मिळाला, आजीने साऱ्या गल्लीला सांगितलं. जूनमध्ये कॉलेजचं पत्र आलं, आर्थिक मदतीच्या अर्जातल्या माहितीचे पुरावे द्या म्हणून. पोरगा लहानपणापासून आजीकडे वाढलेला, पण पालकत्वाचा कोर्टाचा कागद नाही. आणि फाफ्सा नावाच्या सरकारी अर्जात आजीचं उत्पन्न चालत नाही, आईवडिलांचंच लागतं. त्यांचा तर ठावठिकाणा नाही. त्याने ते पत्र दप्तरात कोंबून ठेवलं आणि कुणाला काही बोलला नाही. ऑगस्टच्या मध्यावर आम्हाला कळलं, तेही योगायोगाने. आईवडिलांशी संबंध तुटला असेल तर समुपदेशकाचं, ओळखीच्या एखाद्या जबाबदार माणसाचं पत्र जोडून त्यातून सूट मागता येते, हे त्याला सांगणारंच कुणी नव्हतं. दोन पत्रं आणि चार फोन, एवढ्यात काम झालं. प्रवेश मिळूनही वर्गात न पोहोचणाऱ्या मुलांसाठी इथे 'समर मेल्ट' असा शब्द आहे. उन्हाळ्यात वितळून जाणारी मुलं. शाळांमधून समुपदेशक असतात, पण २५० मुलांमागे एक असावा ही त्यांच्याच संघटनेची शिफारस आणि देशाची सरासरी त्याहून बरीच वर.

त्या मुलाच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहते. संगमनेरहून पुण्याला आले तेव्हा मावसभावाने माझ्या हाताला धरून प्रवेशाच्या खिडक्या दाखवल्या होत्या. इथे आले तेव्हा विमानतळावर न्यायला सिनियर हजर होते. कोणत्या प्राध्यापकाकडे काम मिळेल, घर कुठे घ्यायचं, आठ दिवस कुणाच्या हॉलमध्ये पथारी टाकायची, सगळं ठरलेलं. आपल्या मुलांना हे फुकट मिळतं. प्रत्येकाच्या आधी कुणीतरी दादा, कुणीतरी ताई जाऊन आलेली असते. आपण त्याचा हिशेब कधी मांडत नाही आणि सगळं गुणवत्तेच्या खात्यावर टाकतो.

माझ्या घरापासून दहा मिनिटांवर मेरिलँड विद्यापीठाची बाल्टिमोर काउंटी शाखा आहे. तिथे १९८८मध्ये फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी रॉबर्ट मायरहॉफ यांच्या देणगीतून कृष्णवर्णीय तरुणांना विज्ञान आणि इंजिनिअरिंगमध्ये पुढे नेणारा कार्यक्रम सुरू केला. ह्राबोव्स्की मूळचे अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे, गणित शिकलेले. वंशभेदाविरुद्धच्या १९६३च्या मुलांच्या मोर्चात बाराव्या वर्षी तुरुंगात गेलेले. पहिली तुकडी १९ मुलांची. कॉलेज सुरू होण्याआधी सहा आठवडे सगळ्यांनी एकत्र राहायचं, एकत्र अभ्यास करायचा. आधीच्या तुकड्यांनी नंतरच्यांना सांभाळायचं. एखाद्या पायाभूत विषयात 'सी' मिळाला तर लाज न बाळगता तो पुन्हा घ्यायचा.

एकत्र अभ्यासावर एवढा जोर का? १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात उरी ट्राइसमन या गणितज्ञाने कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं जवळून पाहिली होती. ती आळशी नव्हती. कष्ट करत होती, पण एकेकटी, खोलीचं दार लावून. चिनी वंशाची मुलं मात्र घोळका करून गणितं सोडवत, एकमेकांच्या चुका काढत. नेतृत्वाचं प्रशिक्षण म्हटलं की भाषणं आणि प्रमाणपत्रं डोळ्यांसमोर येतात. माझ्या मते खरं नेतृत्व इथे आहे: प्राध्यापकाच्या दारावर टकटक करून 'मला समजलं नाही' म्हणता येणं आणि स्वतःला समजलेलं दुसऱ्याला समजावता येणं. मॉडर्नाच्या कोविड लशीमागच्या संशोधनात ज्यांचा मोठा वाटा होता त्या किझमेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातून २००८मध्ये पदवीधर झाल्या.

न्यायालयाचा धक्का या राज्याला नवा नाही. १९९४मध्ये मेरिलँड विद्यापीठाची कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीची बॅनेकर शिष्यवृत्ती अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, आणि १९९६पासून मायरहॉफ कार्यक्रमही सर्वांना खुला झाला. तो टिकला, कारण त्याचा कणा निवडीपेक्षा सोबतीत होता. पण म्हणून २०२३च्या निकालाने काही बिघडलं नाही, असं कुणी म्हणू नये. एमआयटीच्या पहिल्या वर्षात कृष्णवर्णीय विद्यार्थी आधीच्या चार तुकड्यांत सरासरी १३ टक्के होते, २०२४मध्ये ५ टक्के उरले. हा आकडा बघून आनंद मानणाऱ्या मराठी घरांना एक आठवण द्यावीशी वाटते. आपल्यासाठी या देशाची दारं उघडणारा स्थलांतर कायदा १९६५चा, नागरी हक्क कायद्यानंतर एका वर्षाने आलेला. नागरी हक्क चळवळीच्या ज्या लाटेने ती उघडली ती या मुलांच्या आजी-आजोबांनी मार खाऊन उठवली होती.

इथल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे, पण आधी एक ताकीद. हौस म्हणून येऊ नका. दोन शनिवार येऊन तिसऱ्याला गायब होणारा माणूस या मुलांना आणखी एक सोडून जाणारा माणूस असतो. निदान एक पूर्ण वर्ष देता येत असेल तरच या. फाफ्साचा अर्ज १ ऑक्टोबरच्या सुमारास खुला होतो. जवळच्या सरकारी हायस्कुलात फोन करून समुपदेशकाला विचारा की मदत कुठे हवी आहे. मुलांना घेऊन बसाल तेव्हा पालकांच्या माहितीचा भाग सर्वांत आधी काढा, अडतं तिथेच. आणि जून ते ऑगस्ट सुट्टीवर भारतात येणार असाल तर तेवढ्या काळापुरतं तुम्ही मदत करत असलेल्या मुलाकडे लक्ष ठेवणारं कुणीतरी आधीच बघून ठेवा.

आपली,
एक वाचक
कॅटन्सव्हिल, मेरिलँड