गणित मंडळातला ६१७४

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझ्या गणित मंडळात येऊन मुलांचे मार्क वाढतात का?" नीट उत्तर द्यायचं राहिलं. वाढत असतील, पण मंडळ मी त्यासाठी चालवत नाही. पुढच्या इयत्तेचं आधीच उरकून टाकणं तर मला मुळीच नको. तिसरी-चौथीतल्या मुलांना एखाद्या प्रश्नाला चिकटून बसण्यातली गोडी लागावी, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

या आठवड्यात ६१७४ घेतला. शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी तो १९४९ साली मांडला. कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, आणि वजाबाकी करायची. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच केलं की ८३५२, मग ६१७४, आणि तिथून पुढे हलायचं नाव नाही. जास्तीत जास्त सात वजाबाक्या. एरवी हातच्याला कंटाळणारी मुलं स्वतःहून कोरे कागद मागत होती!

एका मुलीने २१११ घेतली. आले ९९९, आणि पुढच्या वजाबाकीत शून्य. "तू चुकलीस," सगळे म्हणाले. वजाबाकी तर बरोबर होती. मी गप्प राहिले. आई, हे गप्प राहणंच सगळ्यात अवघड असतं. मी पाढ्यात अडखळले तरी तू मध्ये टोकायची नाहीस, ते आता फार आठवतं. बराच वाद झाल्यावर तिनेच विचारलं, "चार अंक ठरले होते ना, मग चौथा कुठे गेला?" मग ०९९९ लिहिलं, आणि ८९९१, ८०८२, ८५३२ करत स्वारी ६१७४ वर पोहोचली.

धाकट्यांना नकाशे रंगवायला देते. शेजारी-शेजारी एकच रंग नको आणि रंग कमीत कमी हवेत. चार रंग पुरतात हे सिद्ध व्हायला १९७६ साल उजाडलं, तेही संगणकाच्या मदतीने. मोठ्यांचंही अडतं, हे ऐकून त्यांना केवढा आनंद!

काही पालक स्पर्धा आणि बक्षिसं सुचवतात. मी नकोच म्हणते. घड्याळ लावलं की सावकाश विचार करणारी मुलं आधी गप्प होतात, आणि मला त्यांचंच ऐकायचं असतं.

तीन अंकी संख्यांनाही असाच एक मुक्काम आहे. कोणता, ते सांगत नाही. दोघं मिळून करून बघा, ९९ आले तर ०९९ लिहा, आणि रविवारी फोनवर कळवा.

तुमची लेक