माणदेशातील शाळूच्या वाण-चाचणीसाठी मुंबईकर ग्रामस्थांना आवाहन

सर्व ग्रामस्थ बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

गेल्या हंगामात आपल्या मंडळाने वर्गणी काढून गावी शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, फुले वसुधा या वाणाचे बियाणे पाठविले आणि सरसकट सर्वांना वाटले, हे आपणांस ठाऊक आहेच. ज्यांची ओढ्याकाठची काळी जमीन होती त्यांचा शाळू डोळ्यांत भरण्याजोगा आला. माळावरच्या मुरमाड रानात मात्र पोटरीत येईपर्यंत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात असतानाच, ओल संपली आणि कणसे अर्धी पोचट निघाली. वाणाचा यात दोष नाही. ते भारी, म्हणजे खोल काळ्या, जमिनीसाठीच शिफारस केलेले आहे, आणि ही चौकशी आम्ही मुंबईत बसून आधी करावयास हवी होती.

आपला माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. रब्बीचा शाळू पावसावर नव्हे, तर जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढतो, त्यामुळे माती किती खोल आहे यावर कोणते वाण तग धरील हे ठरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा ही वाणे दिली आहेत. अनुराधा साधारण 105 ते 110 दिवसांत तयार होत असल्याने ओल आटण्यापूर्वी दाणा भरण्याची शक्यता अधिक. मात्र आपल्या शिवारात एकाच बांधाच्या वरच्या अंगाला वीतभर माती आणि खालच्या अंगाला पुरुषभर खोली असते, म्हणून शिफारस हाती असूनही स्वतःच्या रानात पडताळा घेण्यावाचून गत्यंतर नाही.

त्यासाठी हलके, मध्यम आणि भारी अशी तीन राने निवडली आहेत. प्रत्येक रानात वरील तीन वाणे आणि तुलनेसाठी मोहोळला निवडलेली जुनी मालदांडी 35-1 अशी चार वाणे, प्रत्येकी तीन वेळा, एकेका गुंठ्याच्या पट्ट्यांत पेरली जातील. कोणता पट्टा कोणत्या वाणाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरेल, म्हणजे चांगला कोपरा एकाच वाणाच्या वाट्याला जाणार नाही. असे एकूण 36 पट्टे होतात. हेक्टरी दहा किलो या हिशेबाने गुंठ्याला 100 ग्रॅम, म्हणजे सर्व मिळून चार किलोही बियाणे लागणार नाही.

मग पैसा कशाला, असा प्रश्न मंडळाच्या बैठकीत विचारला गेला आणि तो रास्तच होता. खर्च आहे तो दाणा भरू लागल्यापासून काढणीपर्यंत पाखरांच्या राखणीचा, प्रत्येक पट्ट्याची स्वतंत्र कापणी-मळणी करून वजन घेण्याचा, पर्जन्यमापकाचा, तसेच ज्याच्या पट्ट्यात वाण फसेल त्या शेतकऱ्याला भरपाई देण्याचा. धान्याइतकेच कडब्याचेही वजन होईल. जनावरे असलेल्या घरी कडबा कमी देणारे वाण कितीही दाणा देवो, कोणी दुसऱ्यांदा पेरीत नाही. खडखड्या या खोड पोखरणाऱ्या बुरशीच्या रोगाने किती ताटे लोळली, तेही मोजले जाईल. भाकरीची परीक्षा गावातील महिलांकडे सोपविली असून, पीठ कोणत्या वाणाचे हे त्यांना आधी सांगितले जाणार नाही.

एका पट्ट्यामागे दीड हजार रुपये, म्हणजे वर्षाला 54,000 रुपये, असा आमचा अंदाज आहे. एका वर्षाचा पाऊस फसवा ठरू शकतो, त्यामुळे चाचणी दोन वर्षे चालवावी लागेल. आपण एक पट्टा स्वीकारावा. माथाडी आणि कारखान्यातील बांधवांनी चार-पाच जणांत मिळून एक घेतला तरी चालेल. निवृत्त होऊन गावी राहणाऱ्यांपैकी दोघांनी नोंदवह्या सांभाळल्यास पैशाहून मोठी मदत होईल.

15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा पेरणीचा काळ असल्याने रक्कम ऑगस्टअखेर खजिनदारांकडे जमा करून पावती घ्यावी. काढणीनंतर प्रत्येक पट्ट्याच्या वजनाचा तक्ता, आलेला निकाल चांगला असो वा वाईट, गावकीच्या खोलीत जमाखर्चाशेजारी लावला जाईल.

आपले नम्र,
कार्यकारिणी, ग्रामस्थ मंडळ, मुंबई