आधी पाय, मग तारीख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोजागरीपासून माघी एकादशीपर्यंतचा काळ सोलापुरात यात्रांचा. पाऊस सरलेला असतो, ऊन अजून तापलेले नसते, आणि याच दिवसांत मोठ्या अपघातातून उठलेली काही माणसे एखाद्या चांगल्या कामाला निधी जमवण्यासाठी घराबाहेर पडतात. कुणी चालत तुळजापूरला निघते, कुणी सायकलवर पंढरपूरला. जमलेला पैसा कृत्रिम पायांना, वॉकर-कुबड्यांना, एखाद्या गरिबाच्या ऑपरेशनला जातो. या माणसांविषयी आम्हाला मनापासून आदर आहे. अपघातग्रस्तांच्या पुनर्वसनात काम करणारे फिजिओथेरपिस्ट आणि लांब पल्ल्याचे सायकलस्वार असे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहितो आहोत, ते एका गोष्टीसाठी. अशा यात्रेची तारीख आधी ठरते, फ्लेक्स लागतो, पाहुणे ठरतात, आणि मग पाय त्या तारखेत बसवण्याची धडपड सुरू होते. हा क्रम उलटा व्हायला हवा.

मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडून आत रॉड टाकला असेल, तर हाड जुळायला साधारण चार ते सहा महिने लागतात. जखम उघडी असेल, मधुमेह असेल किंवा विडी-सिगारेट, तंबाखू चालू असेल तर त्याहून जास्त. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या हाडाला रक्त कमी पडते. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढले की हाडाच्या एकूण चार कडा दिसतात. त्यांपैकी किमान तीन कडांवर नवे हाड सलग दिसले आणि भार टाकल्यावर त्या जागी दुखले नाही, तर हाड जुळले असे डॉक्टर सहसा मानतात. तोपर्यंत भार रॉडच झेलत असतो. हाड जुळले नाही आणि भार पडतच राहिला, तर धातू थकतो आणि आधी स्क्रू, मग कधी रॉडही तुटतो. प्लेट किंवा रॉड काढून टाकला म्हणजे सगळे मोकळे, असाही समज आहे. खरे तर स्क्रूची भोके भरेपर्यंत हाड त्या जागी कमजोर असते. काढल्यानंतर साधारण तीन-चार महिने धावणे, उड्या, मोठी पायपीट टाळायची असते.

आणि हाड जुळले तरी पाय तयार झालेला नसतो. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजा. ऑपरेशनची मांडी दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त बारीक असेल, तर अजून स्नायू कमवायचा आहे. घरच्या घरी करता येणाऱ्या आणखी काही चाचण्या अशा: त्या एका पायावर, डोळे उघडे ठेवून, ३० सेकंद न डगमगता उभे राहणे, २० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवरून त्या पायावर भार ठेवून दुसरा पाय सावकाश खाली टेकवणे, असे दहा वेळा, गुडघा आत न वळता, एका पायावर टाच दहा-पंधरा वेळा उचलणे, आणि अर्धा तास लंगडत न चालता येणे. आडवे झोपून पाय सरळ उचलताना गुडघा किंचित वाकडाच राहत असेल, तर मांडीचा पुढचा स्नायू अजून पूर्ण जागा झालेला नाही. या चाचण्या जमल्याशिवाय कुठलीही तारीख जाहीर करू नये.

पुढचा प्रश्न चालायचे की सायकल चालवायची हा. बरेच जण चालणे सोपे समजतात. सोलापूर ते तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे. एक पाऊल पाऊण मीटरचे धरले तरी ६० हजार पावले होतात. लंगडणाऱ्याचे पाऊल आखूड, म्हणजे ७५ हजारांपर्यंत. प्रत्येक पावलाला पूर्ण शरीराचा भार एका पायावर येतो, आणि घाटाचा चढ येतो तो अगदी शेवटी, पाय संपल्यावर. कोजागरीची वाट अनेक भाविक अनवाणी चालतात. श्रद्धेचा मान राखूनच सांगतो, की नस दुखावल्याने तळव्याला बधिरपणा असेल किंवा मधुमेह असेल, तर अनवाणी चालू नये. फोड आलेला कळत नाही, सकाळी जखम दिसते, आणि ती जखम हाडातल्या धातूपर्यंत जंतू पोहोचवू शकते. सायकलवर मात्र शरीराचा बराचसा भार सीट घेते. म्हणून हाड जुळलेल्या, पण ताकद कमी असलेल्या पायाला पंढरपूरची सुमारे ७५ किलोमीटरची सायकलवारी तुळजापूरच्या पायी वारीपेक्षा बहुतेक वेळा सोसते. अट एकच, सायकल त्या पायाला बसवून घेतलेली असावी.

पायडल ज्या दांडीला बसवलेले असते ती दांडी म्हणजे क्रँक. नेहमीच्या १७० मिलिमीटरच्या क्रँकवर पायडल वर आले की गुडघा जवळपास ११० अंश वाकावा लागतो. ऑपरेशननंतर अनेकांचा गुडघा ९५-१०० वरच अडतो. मग माणूस त्या बाजूचे ढुंगण उचलून पायडल फिरवतो. पाच किलोमीटरला काही वाटत नाही. तिसाव्या किलोमीटरला कंबर धरते आणि वाटीच्या पुढे दुखू लागते. त्यावर दुकानदार सीट वर करून देतो. मग वर जागा मिळते, पण खाली पाय पुरत नाही, टाच उचलून पंजाने ढकलावे लागते. योग्य उपाय आखूड क्रँकचा. १७० ऐवजी १५० चा क्रँक घातला आणि सीट २० मिलिमीटर वर घेतली, तर खाली पाय पूर्वीइतकाच सरळ होतो आणि वर गुडघ्याला ४० मिलिमीटर जागा जास्त मिळते. असे क्रँक दुकानात तयार नसतात, मागवावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे आहे त्याच क्रँकवर बसणारी भोकांची पट्टी. तिने पायडल मध्याच्या जवळ आणता येते. पट्टी बसवताना लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. तिथे उजव्या बाजूचा भाग जोर लावून घुसवला तर आटे खातात आणि भर रस्त्यात पायडल गळून पडते. बसवल्यावर दहा किलोमीटर चालवून पुन्हा पाना लावून पाहावा.

सीटची उंची ठरवताना पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवा, गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहतो, तेवढाच हवा. एक पाय आखूड झाला असेल तर सीट लांब पायाच्या मापाने लावून आखूड पायाच्या बुटाखाली किंवा पायडलवर थर द्यावा. पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचा फरक तसाच सोडला तरी चालतो. त्याहून जास्त असेल तर आधी निम्मा भरून काढावा आणि दोन आठवडे चालवून पाहावे. बुटाला अडकणारे पायडल ऑपरेशनच्या पायाला नकोच, कारण ते सोडवताना गुडघ्याला पीळ बसतो. टायर ३२ ते ३५ मिलिमीटर रुंदीचे घ्या. ७० किलोच्या माणसाला ६० पौंडांच्या आसपास हवा पुरते. शंभर भरली तर प्रत्येक खड्डा थेट हाडात जाणवतो. रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे हमखास असतात, तेव्हा दोन ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या जवळ हव्यात. अपघातात हेल्मेट आपटले असेल तर ते टाकून द्या. वरून धड दिसले तरी आतला थर्मोकोल दबलेला असतो.

सरावाची सुरुवात घरात, जागेवरच्या सायकलवर, काहीही जोर न लावता दहा-दहा मिनिटे. पूर्ण चक्र जमत नसेल तर पायडल पुढे-मागे झुलवत राहा, काही दिवसांत चक्र सुटते. मिनिटाला ७० ते ८० चक्रे, हलक्या गिअरवर. जड गिअर रेटणे हे ताकदीचे लक्षण समजतात, पण वाटीवर सर्वांत जास्त दाब त्यानेच येतो. मग पहाटे संभाजी तलावाच्या बाजूला, रहदारी नसताना, सोबत कुणीतरी घेऊन. रस्त्यावर परतताना मागून हॉर्न वाजला की अंग थरथरणे स्वाभाविक आहे. सोबत्याने उजव्या हाताला, थोडे मागे राहून चालवले की धीर येतो. महिना उलटूनही झोप उडत असेल, अपघात डोळ्यांपुढून हलत नसेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोलावे. तोही उपचाराचाच भाग आहे.

आठवड्याच्या सर्वांत लांब फेरीत दर आठवड्याला १५ टक्क्यांहून जास्त वाढ नको, आणि दर चौथा आठवडा हलका. या हिशेबाने १० किलोमीटरवरून ५० वर यायला जवळजवळ चार महिने लागतात. दसऱ्याला सुरुवात केली तर माघीच्या सुमारास पाय तयार. कार्तिकीचा फ्लेक्स लावणाऱ्यांनी हे गणित आधी करावे. सरावात ५०-५५ किलोमीटर आरामात झाले तर ७५ होतात, सरावातच ७५ करायची गरज नाही. पाय पुढे न्यायचा की नाही याचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. वाटीच्या मध्यावर गुडघ्याचा घेर आदल्या दिवसापेक्षा एक सेंटिमीटरने वाढला, किंवा दुखणे २४ तासांनंतरही टिकले, तर विश्रांती घ्यायची आणि पुढची फेरी निम्मी करायची.

यात्रेच्या दिवशी सर्वांत मोठी चूक होते ती गोळीची. निघताना डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतली जाते, वाटेत अजून एक. घाम गेलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात, आणि थांबण्याची सूचना देणारे दुखणेच दाबून टाकतात. गोळीशिवाय जमत नसेल तर त्या दिवशी जाऊ नये. रक्त पातळ करण्याची किंवा फिटची गोळी चालू असणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांची लेखी परवानगी घ्यावी. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. एक लिटरची ओआरएस पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली तर मळमळते आणि तहान आणखी वाढते. पुडीवर लिहिलेले प्रमाण पाळा. खायला तासाला एक केळे आणि मूठभर गूळ-शेंगदाणे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोहोचल्यावर.

हा सगळा काळ ऊस हंगामाचा. मोहोळहून पंढरपूरकडे आणि बेगमपूरच्या पुलावरून मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला असतो. उजाडल्यावरच निघावे आणि दुपारच्या आत पोहोचावे. मदतीची गाडी सायकलच्या मागे हळूहळू चालवू नका. हायवेवर तीच गाडी मागच्या ट्रकच्या तावडीत सापडते. तिने दहा किलोमीटर पुढे जाऊन रस्ता सोडून थांबावे, सायकलस्वार पोहोचला की पुन्हा पुढे. खिशात एक कार्ड ठेवा: रक्तगट, कुठे काय बसवले आहे, चालू औषधे, ॲलर्जी, घरचा फोन. १०८ आणि महामार्गाचा १०३३ हे क्रमांक सोबतच्या सगळ्यांच्या फोनमध्ये असावेत.

थांबण्याचा निर्णय मात्र यात्रा करणाऱ्याकडे नको, तो सोबत्याकडे आधीच लेखी द्यावा. हाडावर बोटाने दाखवता येईल असे नवे दुखणे, गुडघा अडकणे, पाय बधिर होणे, शिवणीजवळ लाली आणि ताप, यांपैकी काहीही दिसले तर सायकल गाडीत टाकायची. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली आणि धाप लागली तर थेट १०८. रक्ताची गाठ फुप्फुसात गेल्याची ती खूण असू शकते.

इथेच निधीचा प्रश्न येतो. ‘किलोमीटरमागे इतके रुपये’ ही पद्धत आता आपल्याकडेही रुजते आहे. धडधाकट माणसाला ती ठीक. रॉड बसवलेल्या माणसाला मोहोळला थांबावेसे वाटले, तर पुढच्या ४० किलोमीटरचे पैसे बुडतील या विचाराने तो थांबत नाही. देणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे, रक्कम एकदम आणि निघण्याआधी द्या, ती अंतराला बांधू नका. गिर्यारोहक अरुणिमा सिन्हा यांचा २०११ च्या एप्रिलमध्ये रेल्वेखाली पाय गेला आणि २०१३ च्या मे महिन्यात त्या एव्हरेस्टवर पोहोचल्या. मधली दोन वर्षे उपचारांची आणि एव्हरेस्टवीर बचेंद्री पाल यांच्या देखरेखीखालच्या तयारीची होती, त्या तयारीलाही देणगी मिळायला हवी.

पैसा स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नये. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावरच थेट जमा व्हावा आणि पावती संस्थेनेच द्यावी. संस्था नसताना वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडे आधी जावे लागते. गणेश मंडळांना हे माहीत असते, यात्रा काढणाऱ्यांना बहुधा नसते. देणगीवरची प्राप्तिकर सवलत (८० जी) सांगून देणगी मागत असाल, तर दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही हेही सांगा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्यांनी स्वतःच्या बचतीतून दिलेल्या पैशांना ती अट नाही. गाडीचे डिझेल, टी-शर्ट, फ्लेक्स यांचा खर्च या निधीतून करू नये, त्यासाठी वेगळा प्रायोजक शोधावा. यात्रा संपल्यावर पंधरा दिवसांत किती जमले आणि त्यातून नेमके काय घेतले, याचा हिशेब प्रसिद्ध व्हावा. आपल्या दैनिकाने अशा यात्रेची बातमी देताना संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि खाते संस्थेच्याच नावावर असल्याचे तपासून ते बातमीसोबत छापावे, ही विनंती.

आपले,
अपघातग्रस्तांच्या पुनर्वसनात काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट व सायकलस्वार,
सोलापूर