तक्रार: पडायला आलेला सिल्वर ओक तसाच ठेवून धडधाकट आंब्याची झाडं छाटल्याबद्दल

प्रति,
मॅनेजर साहेब, बेळगाव ऑफिस

नमस्कार. आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटी रोडवरनं आत आल्यावर. तुमच्या झाडं कापायच्या कामाचं बिल वडिलांच्या नावावर आहे, त्याचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर मी पाठवलोय आणि तो तुम्ही बघितलाय पण, निळ्या टिका आल्यात, पण उत्तर काय येईना, म्हणून आता सगळं सविस्तर लिहून ईमेल करालोय आणि ह्याचीच प्रिंट काढून रजिस्टर पोस्टानं पण पाठवणार आहे.

पहिल्यापासून सांगतो, कारण तुमच्या ऑफिसमधल्या मॅडम फोन केला की दरवेळी "कुठलं काम सर?" म्हणून सुरुवातीपासून विचारतात. मे महिन्यात वळीव आला. वळीव आमच्याकडं नवा नाही, दुपारभर जीव नकोसा होईपर्यंत उकडायचं, संध्याकाळच्या आत काळं भरून यायचं, आधी धूळ मग वारा मग पाऊस. ह्या वेळी पाऊस थोडका आणि वारंच जास्त. परसातला फणस मुळासकट गोठ्यावर आडवा झाला, फळं अंगभर लागलेली त्यामुळं वजन काय कमी नव्हतं, मंगलोरी कौलं फुटली, रिपा मोडल्या, म्हशी बाहेर होत्या म्हणून वाचल्या. कलमी आंब्याची एक मोठी फांदी बेचक्यात चिरून लोंबत राहिली. आणि घरामागच्या बांधावर सिल्वर ओकची रांग आहे त्यातल्या एकाचा शेंडा मोडला आणि त्याच्या शेजारचा घराकडं कलला.

ह्यातल्या कशाचीच तक्रार तुमच्याकडं नाही, वाऱ्याला कोण बिल पाठवणार. तक्रार आहे ती तुमची माणसं आल्यानंतरची.

फोनवर तुमच्याशी जे बोलणं झालं ते साधं होतं. फणस गोठ्यावरनं काढायचा, ओंडके आमच्याकडं राहणार, पाला आणि बारीक फांद्या तुम्ही नेणार. आंब्याची चिरलेली एकच फांदी नीट कापायची. शेंडा मोडलेला आणि कललेला, दोन्ही सिल्वर खाली घ्यायचे. 18,000 ठरले, त्यातले 10,000 आगाऊ लगेच जीपेनं मारलो. तुमच्या जाहिरातीत हेल्मेट, बेल्ट, दोर लावून झाडावर चढलेली माणसं दाखवलीत, ते बघूनच तुम्हाला बोलवलो, नाहीतर गावात कुऱ्हाड चालवणारे काय कमी आहेत?

आली ती पोरं, हेल्मेट नाही, बेल्ट नाही, पायात चप्पल. गोकाककडची होती, कन्नडच बोलत होती, त्याचं काही नाही, आमच्या वडिलांना कन्नड चांगलं येतं, बोलण्यात अडचण आली नाही. अडचण अशी की त्यांना काय काम करायचं हेच कोणी सांगितलं नव्हतं. घरात येणारी सर्व्हिस वायर फणसाखाली अडकलेली आणि त्यातला एकजण सरळ करवतीचं मशीन सुरू करून फांदीला लावायला निघाला. वडील ओरडले म्हणून थांबला. मग आम्हीच वीज कंपनीच्या 1912 नंबरला फोन लावलो, लाईनमन येऊन सप्लाय बंद करून गेला, तोपर्यंत तुमची पोरं चहा पीत बसली. पोरांवर राग नाही माझा, हे लिहून ठेवतो. त्यांना असं कोरडं पाठवणाऱ्यावर आहे.

आता आंबा. लोंबणारी जड फांदी कापायची असली तर आधी खोडापासून हात-दीड हात लांब, खालच्या बाजूनं थोडी खाच मारतात, मग त्याच्या जरा पुढं वरनं कापतात म्हणजे वजन खाली जाताना साल ओढत नाही, आणि शेवटी उरलेला ठोंब खोडाजवळ जी फुगीर कडा असते तिच्या बाहेरनं कापतात. ती कडा ठेवायची असते कारण झाड जखम तिथनंच भरून काढतं. हे मी काही कॉलेजात शिकलेला नाही, आंब्याची बाग असलेल्या कुणालाही विचारा. तुमच्या माणसानं वरनंच मशीन घातलं, फांदी अर्ध्यात मोडून खाली आली ती खोडाची साल माझ्या कमरेएवढ्या लांबीला सोलत आली. वरनं उरलेला ठोंब त्यानं खोडाला घासून सपाट केला, कडा गेली, आणि त्याच्यावर काळा ऑइल पेंट फासला. पेंटनं झाडाची जखम भरत नाही, आत ओल कोंडते. आता तिथनं डिंक गळालाय आणि खोडकिड्याचा भुसा पडतोय काय म्हणून वडील रोज सकाळी जाऊन बघतात. जखमेला बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट आम्हीच लावलो, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, त्याचा खर्च मी धरतच नाही.

हे पण एकवेळ सोडलो असतो. पण मी गोठ्याकडं कौलं काढायला गेलो तेवढ्यात तुमच्या सुपरवायझरनं (तो दुपारी बाईकवरनं आला) कलमी आंबा आणि त्याच्या बाजूचा रायवळ, दोन्ही माथ्यापासून छाटायला लावले. रायवळाला वाऱ्यानं हात पण लावला नव्हता! का कापलं विचारलो तर म्हणतो, वजन कमी केलं सर, आता वादळात पडणार नाही, हे काम वेगळं धरावं लागेल. मे महिन्यात, कैऱ्या पिकायला आलेल्या असताना. सगळ्या कैऱ्या मातीत. एका वेळी झाडाचा चौथा हिस्सा काढला तरी ते भरपूर झालं, इथं नुसती खोडं आणि चार दांडकी उभी आहेत. आता त्या दांडक्यांच्या टोकाला झुडपासारखे फुटवे आलेत, लांबनं हिरवं दिसतं, आई तर खूश झाली होती, पण असे फुटवे वरवरच्या सालीला धरून असतात, उद्या जाड झाले की पहिल्या जोराच्या वाऱ्यात तेच आधी मोडणार. आणि मोहोर पक्क्या झालेल्या काडीच्या टोकाला येतो, कोवळ्या फुटव्यावर नाही, म्हणजे येणारा हंगाम गेलाच, त्याच्या पुढचं झाडाच्या मनावर.

आणि कललेला सिल्वर? तो अजून उभा आहे. साहेब, हा मुद्दा नीट वाचा, बाकीचं मागून वाचलात तरी चालेल. झाड आधीपासून वाकडं असलं तर त्याची भीती नसते, पण हे झाड एका वाऱ्यात कललंय, आणि घराच्या उलट बाजूला बुंध्याजवळ जमिनीला भेग पडलीय, माझा अख्खा पंजा आत जातो. म्हणजे मुळं उचललीत. आता आमच्याकडं पाऊस कसा असतो तुम्हाला माहीत असेल, एकदा सुरू झाला की आठवडाभर सूर्य दिसत नाही, माती लोण्यागत होते आणि वारा पश्चिमेकडनं चालूच. तुमच्या सुपरवायझरला भेग मी स्वतः दाखवलो. तो म्हणाला त्याला हायड्रा (क्रेन) लागेल, एक्स्ट्रा पडेल, आणि वनखात्याची परमिशन पण लागते. मी खानापूरला वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारून आलो. 1976 च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्यात ज्या झाडांना परवानगीची गरज नाही अशी यादी आहे, त्यात नारळ आहे आणि सिल्वर ओक पण आहे. तुमचा धंदाच हा, तुम्हाला हे माहीत नसेल हे मला पटत नाही. सध्या त्या बाजूच्या खोलीत आम्ही कोणी झोपत नाही, आईबाबा पुढच्या सोप्यात झोपालेत.

फणसाचं तर काय बोलू. पाला आमच्या दारात पडून आहे, आणि ओंडके तुमच्या टेम्पोतनं गेले. उलटंच! फणसाचं लाकूड काय भावानं जातं हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. पिवळंधमक लाकूड, काकांनी देव्हाऱ्यासाठी आणि दोन पाटांसाठी सुताराला सांगून पण ठेवलं होतं. टेम्पोवाल्याला अडवलो तर म्हणाला ऑफिसला बोला. ऑफिसला बोललो तर मॅडम म्हणाल्या, कुठलं काम सर.

वर बिल आलं 31,500 चं. त्यात "हेवी प्रूनिंग 2 ट्री" म्हणून 9,500 लावलेत, म्हणजे माझी झाडं बिघडवायचे पैसे मीच द्यायचे, आणि 4,000 "वेस्ट रिमूव्हल", जे वेस्ट अजून इथंच आहे, त्याच्यावर कोंबड्या चढून बसतात. कंपाउंडच्या भिंतीचा कोपरा फांदी पडून फुटला त्याचा बिलात कुठं उल्लेख नाही अर्थात.

तर आमचं म्हणणं असं. कललेला सिल्वर पहिल्यांदा, बाकी हिशोबाच्या आधी, दोर आणि बेल्टवाली खरी माणसं पाठवून ह्याच आठवड्यात काढा, तो ठरलेल्या 18,000 मधेच होता. फणसाचे ओंडके परत आणून द्या, आणि कापून विकले असतील तर खानापुरात सॉ-मिलवाले जो भाव सांगतील तो द्या. 31,500 चं बिल रद्द करून ठरलेल्या रकमेचं पक्कं बिल द्या आणि त्यातनं भिंतीचे व दोन्ही आंब्यांच्या नुकसानीचे पैसे वजा करा, आंब्याचं किती धरायचं हे बागायत खात्याचा माणूस बघून सांगू दे, मी माझ्या मनानं आकडा लावणार नाही. आंब्याला परत हात लावायला मात्र कोणाला पाठवू नका.

पंधरा दिवसात काय झालं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवणार, आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात पण जाणार. 2019 च्या कायद्याप्रमाणे 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि वकील पण लागत नाही, फोटो, जीपेची पावती आणि तुमच्या सुपरवायझरचे व्हॉइस मेसेज सगळं जपून ठेवलोय. आणि त्याआधी तो सिल्वर घरावर आला तर जबाबदारी तुमची, हे आजच्या तारखेला लेखी कळवलंय असं समजा.

फोन सकाळी करा, पावसात दुपारनंतर आमच्याकडं रेंज नसते.

कळावे,
खानापूर तालुक्यातला तुमचा ग्राहक
(नाव, पत्ता, नंबर बिलावर आहे)