स्टेल्थ विमान आणि जुनं रडार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला स्टेल्थ विमानांवरचा लेख वाचला. ‘रडारला दिसतच नाही’ असं त्यात पुन्हा पुन्हा म्हटलं आहे. हवाई दलात माझी बरीचशी नोकरी विमानं पाडणाऱ्या पेचोरा क्षेपणास्त्रांच्या तुकडीत, पी-18 रडारवर गेली. म्हणून राहवलं नाही.

27 मार्च 1999 च्या रात्री सर्बियात बुजानोव्त्सी गावाजवळ अमेरिकेचं एफ-117 हे स्टेल्थ विमान पडलं. पाडणाऱ्या तुकडीकडे हेच पी-18 होतं आणि क्षेपणास्त्र होतं नेवा, म्हणजे आपलं पेचोराच. दोन्ही जुन्या सोव्हिएत बनावटीची.

एफ-117 चं अंग सपाट, तिरक्या पृष्ठांचं. रडारची लाट आदळली की आल्या वाटेनं परतण्याऐवजी भलतीकडे फेकली जाते, उरलीसुरली वरच्या लेपात जिरते. काही सेंटिमीटरच्या लाटेला हे गणित चोख लागू पडतं आणि नेम धरणारी रडारं बहुधा तसल्याच लाटेवर चालतात. पी-18 ची लाट जवळजवळ दोन मीटर लांब. विमानाची शेपटी वगैरे भाग तिच्याच मापाचे असल्यानं आकाराची करामत तिथे फिकी पडते. पी-18 चा अँटेना म्हणजे पूर्वी कौलांवर दिसायचे तसल्या टीव्हीच्या अँटेनांच्या दोन ओळी, एकेका ओळीत आठ, फक्त आकारानं खूप मोठे.

म्हणून मोठ्या लाटेचं रडार घेतलं की काम झालं, असंही नाही. तिचा झोत रुंद असतो. स्कोपवर, म्हणजे रडारच्या पडद्यावर, ठिपका न उमटता लांबट कंस उमटतो. विमान त्या कंसात नेमकं कुठे हे कळत नाही, उंची तर मुळीच नाही. डोंगरांच्या कायमच्या खुणा आणि गोंगाट यांतून तो कंस वेगळा काढायला नजर तयार व्हावी लागते. मग नेमाचं रडार तिकडे वळवायचं, तेही क्षणभरच, कारण रडारचा माग काढत येणारी क्षेपणास्त्रं असतात. सर्बियन तुकडीचे प्रमुख झोल्तान दानी यांचा दंडक होता की नेमाचं रडार 20 सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवायचं नाही. शिवाय जागा सतत बदलायची. अमेरिकी विमानं ठरावीक वाटांनी येत होती, याचाही त्यांना फायदा झाला.

आणखी एक हिशेब लेखात हवा होता. विमानाचं परावर्तन 10,000 पट घटवलं, तरी रडारचा पल्ला दहा पटच घटतो. 200 किलोमीटरवर दिसणारं विमान 20 वर दिसेल. ताशी 900 किलोमीटरनं येणारं विमान ते 20 किलोमीटर 80 सेकंदांत कापतं. एवढ्या वेळात ओळखणं, कळवणं, नेम धरणं आणि सोडणं! हे तालमीशिवाय कुणालाही जमणार नाही.

आपल्या एएमसीए या स्टेल्थ लढाऊ विमानाच्या विकासाला 2024 मध्ये मंजुरी मिळाली, त्यावर भरभरून छापून येतं. चीनच्या जे-20 या स्टेल्थ विमानावरही येतं. रडारच्या केबिनमध्ये रात्रपाळीला बसणाऱ्या पोरांना असा सराव किती मिळतो, हे मात्र कुणी विचारत नाही. आपल्या संरक्षण प्रतिनिधींनी एखाद्या तुकडीत जाऊन त्यावर लिहावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त वायुसैनिक, सातारा