रात्रीचा तक्ता संध्याकाळीच भरलेला

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर तक्रारअर्ज म्हणून दुसरीकडे जायला हवं होतं. पण अर्ज ज्याच्या नावाने लिहायचा तो साहेबच सापडला नाही. माझी आई ज्या खाजगी केअर सेंटरमध्ये होती, त्याबद्दल विचारायला आधी आरोग्य खात्यात गेलो. तिथे सांगितलं, ते हॉस्पिटल नाही, आमच्या यादीत नाही. समाजकल्याणवाले म्हणाले, अनुदानावर चालणारे वृद्धाश्रम आमच्याकडे, हे पैसे घेऊन चालतं, त्यात आम्ही पडत नाही. पोलीस चौकीतला हवालदार भला माणूस. चहा मागवला आणि म्हणाला, "काका, मारहाण झाली असेल तर सांगा, आत्ता लिहून घेतो." मारहाण झाली नव्हती. आईच्या माकडहाडावर जखम झाली होती, अख्खी मूठ जाईल एवढी, आणि तिच्या तळाला हाड दिसत होतं.

शहराचं आणि सेंटरचं नाव देत नाही. तिथे अजून बाकीच्यांचे आईवडील आहेत, आणि एकाचं नाव छापून आलं की बाकीचे सुटतात.

मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. उभा जन्म वेळापत्रक, लॉगशीट आणि ड्युटी चार्ट यांत गेला. आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, त्यातून उठतेय तोवर अर्धांगाचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांची वाट लागलेली. ब्युरोच्या बायका यायच्या, दोन-चार दिवसांत सोडून जायच्या. शेवटी भावंडांनी मिळून ठरवलं आणि सेंटर बघितलं. महिना अठ्ठावीस हजार, डिपॉझिट वेगळं, डायपर आणि औषधं आपली. भिंती नव्या रंगाच्या, जिन्यात गणपती, जेवण बरं. भेटायची वेळ संध्याकाळी चार ते सहा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं पहिलं काम म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणं. एकाच जागी भार पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेंगरते, तिथलं रक्त थांबतं, आणि ओला डायपर त्या कातडीला आणखी कुजवतो. आधी नुसती लाली दिसते, बोटाने दाबलं तरी न जाणारी. त्याच वेळी भार काढला तर बहुतेकदा तिथेच निभावतं. काढला नाही तर फोड येतो, मग खड्डा पडतो, मग हाड लागतं. हे मला पुढे ड्रेसिंग करणाऱ्या सर्जनने समजावलं. सडलेलं मांस कापून काढताना आई ओरडली नाही. तिला ओरडायला जमत नव्हतं.

त्या दिवशी घाटात ट्रक आडवा झाल्यामुळे माझी गाडी रखडली आणि मी सेंटरवर पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. वॉचमन ओळखीचा झाला होता, त्याने आत सोडलं. आईच्या पलंगाच्या पायथ्याला क्लिपबोर्डवर कूस बदलण्याचा तक्ता अडकवलेला असतो. सहज हातात घेतला. रात्री दहा, उजवी. बारा, पाठ. दोन, डावी. चार, उजवी. सहा, पाठ. प्रत्येक ओळीपुढे सही. घड्याळात तेव्हा पावणेनऊ. एकाच पेनने, एका बैठकीत, वरून खालपर्यंत सरळ ओढलेल्या सह्या होत्या. बाकीचे पलंग बघितले, सगळीकडे तेच. गाडी सुटायच्या आत पोचल्याची वेळ लिहून ठेवली तर आमच्याकडे चौकशी लागायची.

मॅनेजरला दुसऱ्या दिवशी विचारलं. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, "काका, तो फॉरमॅट आहे. रात्री स्टाफला लिहायला वेळ नसतो, म्हणून आधीच भरून घेतो." गंमत म्हणजे तो खरं बोलत होता. त्या मजल्यावर बावीस जण, त्यातले अठरा पूर्ण अंथरुणावर. रात्री आठ ते सकाळी आठ एक मावशी आणि एक मामा. कूस बदलायची तर दोघं लागतात, ओला डायपर बघून, बदलून, पाठीमागे उशी लावून, टाचा उचलून ठेवून एका माणसाला सात मिनिटं धरा. अठरा साते एकशे सव्वीस. म्हणजे दोन तासांची फेरी पुरी व्हायला दोन तासांहून जास्त वेळ, आणि ती संपायच्या आधीच पुढची सुरू झाली पाहिजे. मध्ये कोणाला पाणी नाही, कोणाला उलटी नाही, मावशीला लघवीला जाणं नाही. हे वेळापत्रक बसतच नाही. जे काम होणं शक्यच नाही, त्याची नोंद संध्याकाळीच भरून ठेवावी लागणार. मावशीला मी दोष देत नाही. लातूरकडची बाई, बारा तासांच्या ड्युटीला महिना बारा हजार, आठवड्याची सुट्टी कागदावर. आईचे केस विंचरून द्यायची ती एकटीच.

आता दुसरा हिशेब. आणखी एक मावशी आणि एक मामा रात्रीला ठेवले तर महिना चोवीस हजार. बावीस जणांत वाटले तर माणशी अकराशेच्या आतच. अठ्ठावीसच्या जागी एकोणतीस हजार शंभर मागितले असते तर आम्ही काय नाही म्हणणार होतो? पण कोणी मागितलेच नाहीत, कारण रात्री किती माणसं असतात हे कोणी विचारत नाही. भेटायची वेळ चार ते सहा असते. त्या वेळेला सेंटर भरलेलं दिसतं.

आई बाहेर पडल्यावर इतर घरच्यांशी बोलणं व्हायला लागलं. आत असताना आम्ही एकमेकांना नुसते हसायचो. एका बाईंच्या वडिलांना पार्किन्सन. त्यांची गोळी ठरलेल्या वेळीच लागते, तासभर उशीर झाला तरी माणूस ताठरतो, घास गिळता येत नाही. तिथे सगळ्यांच्या सगळ्या गोळ्या नाश्त्याच्या ट्रॉलीबरोबर. ते जेवत नाहीत, हट्टी झालेत, अशी वर तक्रार यायची. दुसऱ्या एकांच्या सासूबाईंची कवळी हरवली. नवी करण्याऐवजी पातळ खिमट सुरू झालं, आणि वजन कोणी केलंच नाही. अमेरिकेतला एक मुलगा दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. त्याची आई नेहमी धुतलेल्या गाऊनमध्ये, पावडर लावून, उशीला टेकून बसलेली. त्याला मी म्हटलं, एकदा पांघरूण काढून टाचा दाखवा म्हणावं. टाचा काळ्या पडल्या होत्या.

मग हे सगळे आधी का बोलले नाहीत? कारण तक्रारीला एकच उत्तर असतं, "पटत नसेल तर घेऊन जा." मालक आवाज न चढवता हे म्हणतो. तो जाणतो की न्यायला जागा असती तर माणूस इथे आणलंच नसतं. आणि आपण संध्याकाळी भांडून निघालो की रात्रभर आपलं माणूस त्यांच्याच हातात. माझ्या धाकट्या बहिणीने एकदा डायपरच्या हिशेबावरून आवाज चढवला तर पुढच्या भेटीत मी पेढे घेऊन गेलो होतो.

कायद्याचं म्हणाल तर मी वाचून काढलाय. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा मुलांनी आईबापांना सांभाळावं याबद्दल बरंच बोलतो. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी निदान दीडशे जणांचा वृद्धाश्रम काढायचं लिहिलंय. महिन्याला अठ्ठावीस हजार घेणाऱ्या सेंटरची नोंदणी कोणी करायची, रात्री दार वाजवून आत कोणी जायचं, याचं उत्तर त्यात नाही. ती फट बुजवायला डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्यात अशा केंद्रांची आणि घरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सींचीही नोंदणी होती, किमान दर्जा ठरवायचा होता. ते स्थायी समितीकडे गेलं, जानेवारी २०२१ मध्ये समितीचा अहवालही आला. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर बारगळलं.

पण दिल्लीची वाट बघायची गरज काय? आपल्या राज्यात शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. त्याच्या व्याख्येत आजारी आणि जखमी यांच्याबरोबर दुर्बल झालेली माणसंही आहेत, ज्यांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा दिली जाते. आईला तिथे नाकातल्या नळीने अन्न दिलं जायचं, लघवीची नळी होती, सलाईन लागायचं, ड्रेसिंगचे पैसे वेगळे लावले जायचे. ही शुश्रूषा नाही तर काय? २०२१ मध्ये या कायद्याचे नियम सुधारले गेले, दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं आणि तक्रार निवारणाची सोय ठेवणं आलं. बाळंतपणाच्या चार खाटांना जो कायदा लागतो, तो नळ्या लावलेल्या अठरा म्हाताऱ्यांना का लागू नये, हे राज्य सरकारने एका परिपत्रकाने स्पष्ट करावं. तेवढ्याने आरोग्य खात्यातल्या टेबलावर "आमच्या यादीत नाही" म्हणायची सोय राहणार नाही.

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला एका केअर होममध्ये काम करते. तिकडे सरकारी तपासनीस येतात, श्रेणी देतात, आणि ती श्रेणी येणाऱ्याला दिसेल अशी लावावी लागते, वाईट असली तरी. तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही, भाचीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी काही कमी नाहीत. पण त्या दारात शिरण्याआधी माणसाला काहीतरी वाचायला मिळतं.

ग्राहक आयोगाची वाट आहे, आणि मी तिकडे निघालोय. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही, हे वाचकांना ठाऊक असावं. प्रवेशाच्या वेळी स्टॅम्पपेपरवर "जखम, पडणे, मृत्यू यास संस्था जबाबदार नाही" अशी सही घेतात, त्याला घाबरून गप्प बसू नये. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. आमचं दुखणं मात्र रात्री आठनंतर सुरू होतं.

आई आता धाकट्या भावाकडे तळमजल्यावर आहे. हवेची गादी घेतली, दोन बायका पाळीने ठेवल्या, रात्री भाऊ आणि त्याचा मुलगा गजर लावून उठतात. जखम भरत आली आहे, पण आई आधीची राहिली नाही. सगळ्यांच्या घरी तळमजला आणि उठणारा नातू नसतो, त्यामुळे सेंटरं लागणारच आणि ती वाढणारच. ती बंद करा असं मी म्हणत नाही. ज्यांना बघायची वेळ येईल त्यांनी रंगीत भिंती बघू नयेत. रात्री दहाला न सांगता जावं, सोडतात का ते बघावं. घरच्यांच्या परवानगीने एखाद्या पेशंटची पाठ आणि टाचा बघाव्यात. वजनाचा काटा आहे का विचारावं. नर्स म्हणून जिची ओळख करून देतात तिचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागावा. आणि तक्ता मागावा, संध्याकाळी सातला.

जाता जाता आपल्याच वृत्तपत्राबद्दल. फ्लॅटची जाहिरात महारेरा क्रमांकाशिवाय छापता येत नाही, आणि तो क्रमांक बघूनच आम्ही पुढची चौकशी करतो. रविवारच्या अंकात "आईवडिलांची घरच्यासारखी काळजी, चोवीस तास नर्सिंग" अशा जाहिराती येतात, त्यांत नुसता मोबाइल नंबर असतो. नोंदणीच नाही तर क्रमांक कुठून येणार, हे मला समजतं. पण जाहिरात घेताना आपला विभाग दोन आकडे नक्कीच मागू शकतो. खाटा किती, आणि रात्रपाळीला माणसं किती. तेवढे छापा.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)