मालागाचा सोमवार

महोदय,

दक्षिण स्पेनवरील आपल्या पुरवणीतील लेखात मालागा प्रांताला दोन दिवस पुरतात, असे म्हटले आहे. पुरतीलही, पण त्यातला एक दिवस सोमवार नसेल तर! शहरातले रोमन नाट्यगृह, जुन्या कस्टम्स हाउसमधले मालागा संग्रहालय, अंतेकेरा गावची महापाषाण स्मारके (प्रचंड शिळांची प्रागैतिहासिक दफनगृहे) आणि 'कामिनितो देल रेय' ही दरीतली वाट, हे सगळे एरवी सोमवारी बंद असते. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे आपल्याकडच्या सहल ठरवणाऱ्यांना पाठ असते. परदेशात गेल्यावर मात्र वाराकडे कोणी बघत नाही. नाइलाजाने सोमवारच वाट्याला आला, तर तो पिकासो संग्रहालय आणि किल्ल्यांना द्यावा.

या किल्ल्यांविषयी लेखात जेमतेम दोन ओळी आहेत. खाली अल्कासाबा, मुख्यतः ११व्या शतकातला. वर डोंगरमाथ्यावर हिब्राल्फारो, १४व्या शतकात ग्रानादाचा सुलतान पहिला युसूफ याने उभा केलेला. दोन्ही दुहेरी तटबंदीने जोडलेले दिसतात, त्यामुळे आतूनच वर जाता येईल असे वाटते. तशी वाट नाही. अल्कासाबातून बाहेर पडून पुन्हा खडा चढ चढावा लागतो आणि जुलै-ऑगस्टच्या दुपारी तिथेच माणसे बसकण मारतात. त्यापेक्षा ३५ क्रमांकाच्या बसने आधी हिब्राल्फारो गाठावा, तट फिरून पायी उतरावे आणि मग अल्कासाबात शिरावे. दोन्हींचे एकत्र तिकीट मिळते. रविवारी दुपारी दोननंतर प्रवेश मोफत असतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी नगरपालिकेच्या इमारतीमागच्या रस्त्यावरून अल्कासाबात जाणारी लिफ्ट आहे. आतली फरसबंदी झिजून गुळगुळीत झाली आहे, तेव्हा चपला नकोत. गडकोट पाहणाऱ्या मराठी माणसाला इथले काटकोनात वळणारे दरवाजे लगेच ओळखीचे वाटतील; शत्रूला सरळ मुसंडी मारता येऊ नये, हा हिशेब आपल्या गोमुखी दरवाजांचाच. एका दरवाजाला रोमन खांब जोडलेले आहेत. पायथ्याच्या नाट्यगृहाचे दगड किल्ल्याच्या बांधकामाला कामी आले आणि नाट्यगृह मातीखाली गेले, ते १९५१मध्ये पुन्हा सापडले. कॅथीड्रलचा दक्षिण मनोरा अर्धवटच राहिल्याने गावकरी त्याला लाडाने 'ला मान्कीता', म्हणजे थोटुली, म्हणतात.

लेखातली एक चूक दुरुस्त करायला हवी. याच प्रांतातल्या रोंदा गावचा छायाचित्रातला पूल रोमन नाही. त्याचे नावच 'नवा पूल' आहे आणि तो १७९३मध्ये पूर्ण झाला. त्याआधी १७३५ साली बांधलेला पूल अवघ्या सहा वर्षांत कोसळून सुमारे ५० जण दगावले होते. आताचा ९८ मीटर उंच पूल पुलावर उभे राहून दिसत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. मारिया आउक्सिलियादोरा चौकातून खाली जाणारी पायवाट धरावी. दुपारनंतर ऊन पुलाच्या त्या अंगावर येते. किनाऱ्यावरून येणारा घाटरस्ता सुमारे ५० किलोमीटर वळणांचा आहे. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी.

अंतेकेराला रेल्वेने जाणारे बहुधा स्थानकात फसतात. 'अंतेकेरा-सांता आना' हे स्थानक गावापासून सुमारे १७ किलोमीटरवर आहे. तिकीट गावातल्या स्थानकाचे काढावे. मेंगा आणि व्हिएरा ही महापाषाण स्मारके एकाच आवारात आहेत, रोमेराल मात्र काही किलोमीटर दूर; तिन्हींना प्रवेश मोफत. अशा कक्षांचे तोंड सहसा सूर्योदयाकडे असते, व्हिएराचेही तसेच आहे. मेंगाचे मात्र झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारख्या दिसणाऱ्या समोरच्या डोंगराकडे आहे. आत उभे राहून दाराबाहेर पाहिले तरच हे कळते. सुमारे १५० टनांची छतशिळा डोक्यावर आहे, हेही त्याच वेळी जाणवते.

'कामिनितो'साठी तिकीट आधीच, ठरावीक वेळेचे काढावे लागते. तिकिटावरची वेळ तपासणी चौकीची असते, बस थांब्याची नव्हे. थांब्यापासून जवळच्या बोगद्यातून दीड, तर लांबच्या वाटेने २.७ किलोमीटर चालावे लागते, आणि बहुतेकांचा उशीर इथेच होतो. एकूण वाट ७.७ किलोमीटर, उत्तरेकडून दक्षिणेकडे एकाच दिशेने. दरीच्या कड्याला टांगलेल्या फळ्यांवरचा भाग २.९ किलोमीटर. गाडी उत्तरेला ठेवली असेल तर परतायला शटल बस आहे. हेल्मेट सक्तीचे आहे, तेथेच देतात. आठ वर्षांखालील मुलांना सोडत नाहीत, म्हणून मुलांचे पासपोर्ट जवळ असावेत. वारा किंवा पाऊस जोराचा असला की वाट बंद ठेवतात. तेव्हा ती सहलीच्या अखेरच्या दिवसावर ढकलू नये.

पुढच्या वेळी नकाशाशेजारी कोणते ठिकाण कोणत्या वारी बंद, याची छोटी चौकट छापावी, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे